समुद्र काय काल आला?

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या दारात चारचाकी उभी आहे आणि खिडकी उघडली की ज्यांच्या घरात खारा वारा शिरतो, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. उपयोग होईल.

गेले काही दिवस भरडावर भेटेल तो विचारतो, "काय हो, तुमची गाडी कुजली म्हणे? कंपनीवर केस केलीत म्हणे?" दोन्ही खरं आहे. प्रत्येकाला उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

कंपनीचं नाव लिहिणार नाही, शोरूमचंही नाही. एक तर केस चालू आहे. दुसरं म्हणजे माझं भांडण एका कंपनीपेक्षा एका वाक्याशी आहे. ते वाक्य वॉरंटीच्या पुस्तकात बारीक अक्षरात आहे. तुमची गाडी वेगळ्या कंपनीची असली तरी कपाटातलं पुस्तक काढून बघा. थोड्याफार फरकाने तेच वाक्य तुम्हालाही सापडण्याची शक्यता आहे.

आधी हकीकत.

२०२१ च्या दसऱ्याला गाडी घेतली. चार-सहा दिवस आधीच चिपीचं विमानतळ सुरू झालं होतं, जिल्ह्यात सगळीकडे उत्साह होता. आम्हीही त्या उत्साहात. रस्त्यावर येईपर्यंत आठ लाख चाळीस हजार लागले. त्यातलं साडेसहा लाख कर्ज, सात वर्षांचं. म्हणजे चौऱ्याऐंशी हप्ते, साडेदहा हजारांच्या आसपास एकेक. तालुक्याच्या बातमीदाराला साडेदहा हजार म्हणजे काय, हे तालुक्याच्या बातमीदारालाच कळतं. हिचे शिकवणीचे पैसे नसते तर गाडी घेतलीच नसती.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, अंडरबॉडी कोटिंग घ्याच. तुमच्याकडे समुद्र आहे. नाहीतर खालून गंज पकडेल." साडेसहा हजार रुपये. दिले. पावती आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मे २०२४ मध्ये पावसाआधी गाडी धुवायला नेली. रॅम्पवर चढवल्यावर धुणाऱ्या पोराने हाक मारली, "दादा, हे बघा." मागच्या दरवाज्याच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले होते, पुरी तेलात फुगावी तसे. नखाने दाबलं तर एक फोड फुटला आणि आतून तांबडी भुकटी पडली. मग वाकून चारही दरवाजे बघितले. तीन दरवाज्यांना तेच. डिकीच्या झाकणालाही कडेला सुरुवात झालेली. कुठे ओरखडा नाही, ठोका नाही. गाडी अडतीस हजार किलोमीटर चाललेली आणि वय दोन वर्षं आठ महिने. वॉरंटी तीन वर्षांची. म्हणजे मी वेळेत होतो, असं मला वाटलं.

जूनमध्ये सर्व्हिसला दिली तेव्हा ॲडव्हायझरला फोड दाखवले. तो चांगलं बोलला. म्हणाला, "सर, अजून एवढंसं आहे. आत्ता उघडण्यात अर्थ नाही. पुढच्या सर्व्हिसला बघू." जॉबकार्डवर त्याने दोनच शब्द लिहिले: पेंट ऑब्झर्व्ह. मी सही केली.

डिसेंबरमध्ये पुढची सर्व्हिस. तोवर चौथ्या दरवाज्यालाही फोड आले होते, आणि पहिल्या दरवाज्याची कड बोटाने दाबली तर आत जात होती. तोच ॲडव्हायझर, तोच टेबल. संगणकात बघून म्हणाला, "सर, तुमची वॉरंटी ऑक्टोबरमध्ये संपली."

मी म्हटलं, जूनमध्ये दाखवलं होतं की! तो म्हणाला, "सर, जॉबकार्डवर गंज असं लिहिलेलं नाही. पेंट लिहिलंय."

वीस वर्षं बातमीदारी करतोय. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरचा एक शब्द बदलला तर पान भरून लिहिलंय. आणि स्वतःच्या कागदावर न वाचता सही केली.

पुढचे तीन महिने टोल फ्री नंबर आणि ई-मेल. दर वेळी नवा तक्रार क्रमांक, आणि दोन दिवसांनी मेसेज : आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कोणी सोडवली, कधी, कुठे? गाडी माझ्या दारात उभी, तिला कोणी हातही लावलेला नाही. शेवटी कंपनीचा माणूस आला. दहा मिनिटं गाडी बघितली, मोबाईलवर चार फोटो काढले. आठ दिवसांनी पत्र आलं. मराठीत सांगायचं तर मजकूर असा : हा गंज बाह्य कारणांमुळे आलेला आहे, क्षार, समुद्रावरील हवा, औद्योगिक धूर, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक यांमुळे होणारं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

हेच ते वाक्य. समुद्रावरील हवा.

म्हणजे गाडी विकताना समुद्र माहीत होता. इतका माहीत होता की त्याच्या नावावर साडेसहा हजारांचं कोटिंग विकलं. गंज आल्यावर मात्र तोच समुद्र वॉरंटीबाहेरचा झाला. कोटिंगचं विचारलं तर उत्तर आलं की ते फक्त खालच्या बाजूला असतं, दरवाज्यांना नाही, आणि दरवर्षी तपासणीचा शिक्का नसल्यामुळे त्याचीही हमी संपली. शिक्का मारायचं काम कुणाचं? त्यांचंच. गाडी दरवर्षी त्यांच्याकडेच जात होती.

आता जरा गंजाबद्दल, कारण सगळी केस त्यावर आहे.

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज येतो, हे शाळेत शिकलोय. मीठ नवीन काही करत नाही, तेच काम वेगाने करतं. खारट पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंज ही मुळात विजेच्या देवाणघेवाणीचीच क्रिया आहे. म्हणून मालवणातली खिळ्यांची पुडी सांगलीतल्या पुडीच्या आधी तांबडी होते. कंपन्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून पत्र्यावर जस्ताचा थर देतात. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. त्यावर सगळी बॉडी रसायनाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर चढवतात, मग प्रायमर, मग रंग.

गोम असते ती दरवाज्याच्या खालच्या कडेला. तिथे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, पोळीची कड दुमडावी तसा. त्या दुमडीत रंग नीट पोचत नाही, म्हणून तिथे सीलंट भरतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी बाहेर जायला खाली भोकं ठेवतात. सीलंट तुटक असेल किंवा भोक नीट नसेल तर पाणी दुमडीत साचतं आणि पत्रा आतून कुजायला लागतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

हे मला आधी सांगितलं आमच्या पेंटरने. पंचवीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. त्याने दरवाजा उघडला, खालून बोट फिरवलं आणि म्हणाला, "भाऊ, ह्यो गंज भायरसून नाय इलो. आतसून इलो हा. भायरसून इलेल्या गंजाक ओरखडो लागता. हय ओरखडो खंय आसा?" त्याच्या एका बोटाला जे कळलं ते चार फोटो काढणाऱ्याला कळलं नाही. नंतर तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना दाखवलं. त्यांनी दरवाज्याचं आतलं आवरण काढून बघितलं आणि तेच शास्त्रीय भाषेत लिहून दिलं : मागच्या दरवाज्यांत सीलंटची रेघ दोन ठिकाणी तुटलेली आहे.

माझीच गाडी नासकी निघाली का, हे बघायला मी टॉर्च घेऊन फिरलो. जेटीजवळ, तारकर्लीच्या वाटेवर, बाजारात. त्याच मॉडेलच्या, त्याच सुमाराच्या चौदा गाड्या मालकांना विचारून बघितल्या. नऊ गाड्यांना त्याच जागी फोड किंवा गंज होता. दोघा मालकांना तर मी दाखवेपर्यंत माहीतच नव्हतं. त्यातला एक पर्यटकांना फिरवून पोट भरतो. तो खाली वाकून बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "अजून चार वर्षं हप्ते आसत." त्याच रांगेत वेगळ्या मॉडेलच्या, अकरा वर्षं जुन्या गाडीच्या दरवाज्याची कड मात्र शाबूत होती. तोच वारा, तेच मीठ, तोच पाऊस.

हे काही शास्त्रीय सर्वेक्षण नाही, मला कळतं. कोण गाडी कुठे लावतो, किती धुतो, यावर फरक पडतो. पण सगळा दोष समुद्राचा असता तर समुद्राने मॉडेल बघून गंज चढवला नसता.

कंपनीचीही बाजू लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी बातमी दिली. त्यांचं म्हणणं, मी गाडी उघड्यावर लावतो. खरं आहे, आंब्याखाली लावतो, गॅरेज बांधायला जागा नाही. त्यांचं म्हणणं, खालची बाजू नियमित धुतली नाही. तेही काही अंशी खरं, वर्षातून दोन-तीनदाच धुतली. एकदा बहिणीकडे बर्फातली सुरमई नेताना डिकीत पाणी सांडलं होतं, तेही मी तक्रारीत स्वतःहून लिहिलंय. लपवून काय करू? पण दरवाज्यात काही सुरमई ठेवली नव्हती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये फोन आला. कंपनी 'गुडविल' म्हणून मजुरीत निम्मी सूट देईल. कामाचं अंदाजपत्रक होतं ब्याण्णव हजार. सुटे भाग आणि रंगाचे पैसे पूर्ण माझे. आणि एका कागदावर सही करायची : माझं पूर्ण समाधान झालं असून यापुढे कोणतीही तक्रार असणार नाही. मी त्या कागदाची प्रत मागितली, घरी वाचून सही करतो म्हटलं. प्रत मिळाली नाही.

घरी दोन मतं होती. ही म्हणाली, "घ्या सूट आणि सोडा विषय. केस करून कोणाचं भलं झालंय?" तिचं चूक नव्हतं. पण त्या पर्यटकवाल्याचा चेहरा डोळ्यासमोरून जात नव्हता. मी सही केली असती तर माझे थोडे पैसे वाचले असते. त्या नऊ गाड्यांचं काय?

आता एक कबुली. ही दिल्याशिवाय पोस्ट पूर्ण होणार नाही.

बरेच जण विचारतात, तुम्ही पत्रकार ना, मग पेपरात का नाही छापत? छापायला दिली होती. नावं न घालता, गाड्यांच्या वॉरंटीवर सर्वसाधारण बातमी. आली नाही. फोन केला तर डेस्कवरून सांगितलं, "अरे, दसरा पुरवणीचं पान कोणाचं असतं माहीत आहे ना?" माहीत आहे. कारण आमच्या भागातली जाहिरात आणणारा मीच. छोट्या गावातल्या बातमीदाराचं घर मानधनावर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, हे उघड गुपित आहे. हेच मॉडेल बाजारात आलं तेव्हा शोरूमने दिलेला मजकूर मीच थोडा इकडेतिकडे करून बातमी म्हणून दिला होता. कात्रण माझ्याकडे आहे. त्यात 'कोकणातील हवामान आणि रस्त्यांसाठी अत्यंत योग्य' असं वाक्य आहे.

ती बातमी वाचून कोणी गाडी घेतली असेल तर त्याची मी माफी मागतो. मी ती गाडी तपासली नव्हती. मजकूर आला, लावला. त्या जाहिरातीचं माझं कमिशन अकराशे रुपये होतं. म्हणून आता या पोस्टमागे मी माझं नाव लावतोय. पुढची दसरा जाहिरात मला मिळणार नाही, हे धरून चाललोय.

आता कायद्याचं. हे नीट वाचा, तुमच्या कामाचं आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, जुलै २०२० पासून लागू. वस्तूसाठी मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते. पाच लाखांपर्यंत फी नाही. पाच ते दहा लाखांच्या वस्तूला दोनशे रुपये. हो, दोनशे. माझी साडेआठ लाखांची भानगड दोनशे रुपयांत दाखल झाली. वकील नसला तरी चालतो, स्वतः बाजू मांडता येते. तक्रार ऑनलाइनही करता येते.

पुस्तकात शेवटी लिहिलेलं असतं की वाद झाल्यास अमुक शहरातल्या न्यायालयातच जावं लागेल. घाबरू नका. या कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करू शकतो. मी ओरोसला केली. कसालमार्गे पाऊण-एक तास. कंपनीच्या वकिलांना लांबून यावं लागतं.

मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. इथे बरेच जण फसतात. ई-मेल चालू आहेत, बघतो म्हणालेत, असं म्हणत दोन वर्षं निघून जातात. कंपनीशी पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत आपोआप वाढत नाही. म्हणून मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली (तिथे कंपनीने तेच पत्र पुन्हा चिकटवलं), मग रजिस्टर पोस्टाने नोटीस दिली आणि एप्रिल २०२५ मध्ये केस दाखल केली.

उत्तर द्यायला समोरच्याला तीस दिवस आणि आयोगाने परवानगी दिली तर आणखी पंधरा, एवढेच मिळतात. जुन्या कायद्यातल्या याच मुदतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं की पंचेचाळीस दिवसांच्या पुढे एक दिवसही नाही. आमच्या कंपनीने चव्वेचाळिसाव्या दिवशी उत्तर दिलं. त्यात काय? डीलर म्हणतो, वॉरंटी कंपनीची, माझा संबंध नाही. कंपनी म्हणते, डीलर आमचा एजंट नाही, दोघांचे व्यवहार स्वतंत्र, त्याने काय सांगितलं आणि कोणतं कोटिंग विकलं त्याला आम्ही जबाबदार नाही. एकाच पाटीखाली बसतात, एकाच रंगाचे शर्ट घालतात, आणि कागदावर अनोळखी.

दोष नुसता बघून ठरत नसेल तर आयोग वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. खर्च सुरुवातीला तक्रारदाराला भरावा लागतो. आम्ही एका दरवाज्याची तपासणी मागितली आहे. कंपनीने विरोध केला आहे. गंज समुद्राचा आहे याची एवढी खात्री असेल तर तपासणीला विरोध कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

निकाल लागलेला नाही. लागेल तेव्हा सांगेन, माझ्या बाजूने लागो की विरोधात. तोवर गाडीचा पत्रा कुजतोय आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता जातोय.

आता मुद्द्यावर येतो.

सरकार गाडीचा एकरकमी कर पंधरा वर्षांचा हिशेब धरून घेतं, आरसीवर मुदत पंधरा वर्षांची. बँक सात वर्षं हप्ते घेते. आणि बनवणारा म्हणतो, मी तीन वर्षं, तीसुद्धा समुद्र सोडून. महाराष्ट्राचा किनारा सातशे वीस किलोमीटर, असं आम्ही शाळेत पाठ केलं. या पट्ट्यात मुंबई येते, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले येतं. एवढी गावं 'अपवाद' कशी असतात? आम्ही काही गाडी पाण्यात घातली नव्हती. घरासमोर लावली होती. समुद्राजवळ राहणं हा गाडीचा गैरवापर नाही.

अमेरिकेचं एक उदाहरण देतो. तिथल्या थंड राज्यांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. टोयोटाच्या टॅकोमा वगैरे गाड्यांच्या सांगाड्यांना गंज चढल्याबद्दल तिथे मालकांनी एकत्र दावा लावला. २०१६ मध्ये तडजोड झाली. सुमारे पंधरा लाख गाड्या, आणि खर्चाचा अंदाज तीन अब्ज डॉलरच्या वर. सांगाडा तपासून द्यायचा आणि ठरलेल्या प्रमाणाबाहेर गंजलेला असेल तर बदलून द्यायचा, तोही गाडी पहिल्यांदा विकल्यापासून बारा वर्षांपर्यंत. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण काम करून दिलं. 'रस्त्यावर मीठ होतं' एवढं म्हणून विषय संपला नाही. कारण मालक एकेकटे नव्हते.

आणि मालवणवाल्यांना मी गंजाबद्दल काय सांगणार? २६ ऑगस्ट २०२४ चा दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेला नाही. नऊ महिनेही झाले नव्हते आणि राजकोटवरचा महाराजांचा पुतळा कोसळला. नट-बोल्टांना गंज चढल्याचं बांधकाम खात्याचं पत्र काही दिवस आधीच गेलं होतं. त्या गोष्टीची आणि माझ्या गाडीची बरोबरी मी करत नाही, तेवढी अक्कल आहे. पण तेव्हा वाऱ्याचं कारण पुढे आलं, तेव्हा अख्ख्या मालवणाने एकच प्रश्न विचारला होता : समुद्र आणि वारा काय काल आला? समोर साडेतीनशे वर्षांपूर्वीचा किल्ला पाण्यात उभा आहे. बांधणाऱ्यांनी समुद्र आधी धरला, मग चुना कालवला. इथे जो काही बांधेल, विकेल, उभं करेल, त्याने समुद्र हिशेबात धरूनच यावं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

वॉरंटीत काय बसत नाही, ते बुकिंगच्या वेळी एका पानावर मराठीत द्या. गाडी घरी गेल्यावर ग्लोव्ह बॉक्समध्ये सापडणाऱ्या इंग्रजी पुस्तकात नको.

किनाऱ्यावरच्या गावात गाडी विकायची असेल तर आतून येणाऱ्या गंजाची जबाबदारी घ्या. नसेल घ्यायची तर शोरूमच्या दारावर पाटी लावा : समुद्रकाठच्या लोकांना गंजाची हमी मिळणार नाही. मग आम्ही ठरवू घ्यायची की नाही.

ग्राहक जे सांगतो ते जॉबकार्डवर त्याच्या शब्दांत लिहा.

आणि सरकारकडे एक. सुरक्षिततेला किंवा पर्यावरणाला धोका असेल तर गाड्या परत बोलावायला लावण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे. दरवाज्याची कड कुजली म्हणून कोणी मरत नाही, त्यामुळे आमचा गंज तिथे बसत नाही. ग्राहक कायद्यात मात्र 'अनुचित करार' ही कल्पना आहे. ग्राहकावर गैरवाजवी अट लादून त्याचं नुकसान करणारा करार त्यात मोडू शकतो. पण त्यासाठी जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. एकेकट्या माणसाला ते जड आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० पासून आहे, सर्व ग्राहकांच्या हिताचे प्रश्न बघणं हेच त्याचं काम. त्यांनी या एका वाक्याकडे बघावं, असा अर्ज मी तयार करतोय. त्यावर जितक्या सह्या तितकं बरं. एकच तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने एकाने आयोगात जाण्याची सोयही कायद्यात आहे, आयोगाची परवानगी घेऊन. नऊपैकी पाच मालक तयार झालेत.

तुमच्यासाठी चार गोष्टी, आज संध्याकाळीच करा. टॉर्च घेऊन चारही दरवाज्यांच्या खालच्या कडा आणि डिकीची कड बघा. पाणी जाण्याची भोकं काडीने मोकळी करा. काही दिसलं तर तारखेसह फोटो काढा आणि वॉरंटी संपायच्या आत लेखी तक्रार द्या, ई-मेलवर. आणि जॉबकार्डवर सही करण्याआधी ते वाचा. 'ऑब्झर्व्ह' लिहिलेलं असेल तर पेन खाली ठेवा आणि 'गंज' हा शब्द लिहून घ्या.

माझ्याकडून तेवढंच राहिलं. बाकी सगळं केलं होतं.

ज्यांच्या गाडीला असा गंज आहे त्यांनी फोटो, गाडी घेतल्याचं वर्ष आणि गावाचं नाव मला इनबॉक्समध्ये पाठवावं. कंपनी कोणतीही असो. तुमचं नाव कुठेही येणार नाही. आणि शोरूमवाले कोणी वाचत असतील तर त्यांनाही सांगतो, त्या टेबलावर बसलेल्या पोरांशी माझं भांडण नाही. ती आपलीच पोरं आहेत, वरून आलेलं वाक्य बोलतात. माझं भांडण ते वाक्य लिहिणाऱ्याशी आहे. त्याने एकदा इथे येऊन राहावं. पावसाळ्यात या म्हणतो. आंब्याखाली जागा आहे, त्याचीही गाडी लावू.